दहावर आलेला काटा

"या गाडीच्या पुस्तकाचं पान न् पान मला पाठ आहे. ती वाटेत बंद पडूच शकत नाही!" रविवारी सकाळी चहाचा कप टेबलावर आपटून नाना म्हणाले, आणि त्या दिवसाचे ग्रह तिथेच फिरले.

नानांनी आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासली होती. छापलेल्या अक्षरावर त्यांचा जेवढा विश्वास, तेवढा स्वतःच्या डोळ्यांवरही नव्हता. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी फिक्या निळ्या रंगाची एक म्हातारी गाडी घेतली, आणि खरं सांगायचं तर गाडीपेक्षा तिच्याबरोबर मिळालेल्या पुस्तकासाठीच घेतली. तेव्हापासून ती शेडमध्ये आजारी पाहुण्यासारखी मुक्काम ठोकून होती.

बायकोचा धीर आता संपला होता.

"आज मावशीकडे बाराला जेवायला जायचंय. गाडी वाटेत बंद न पडता पोचली, तर राहील. पडली, तर शेड माझ्या भावाच्या प्लायवूडला!"

भाऊ म्हणजे नानांचा मेहुणा. त्याचं प्लायवूडचं दुकान होतं आणि माल ठेवायला त्याला जागा हवी होती. तो पांढराशुभ्र शर्ट घालून, हातात मोजपट्टी घेऊन नऊलाच हजर झाला.

"भाऊजी, तुमचं चालू द्या. मी नुसती लांबी घेतो."

नाना एक फेरी मारून यावी म्हणून निघाले. गाडी झकास पळत होती आणि तेलाच्या दाबाचा काटा चाळीसवर आरामात बसला होता. पहिला सिग्नल लागला. गाडी थांबली आणि काटा घसरत घसरत दहावर आला!

पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं : गाडी उभी असताना काटा चाळीसच्या खाली गेला, तर इंजिन ताबडतोब बंद करावं. नानांनी ताबडतोब केलं. सिग्नल हिरवा झाला. मागे भोंग्यांचा ऑर्केस्ट्रा सुरू झाला. नानांनी पुन्हा चावी फिरवली, काटा वर आला, आणि पुढच्या सिग्नलला पुन्हा दहा! पुन्हा बंद! असे चार सिग्नल झाल्यावर बॅटरीनेच हात टेकले. शेवटी एक फळवाला आणि दोन सायकलवाले यांनी ढकलत गाडी सुरू करून दिली. फळवाला म्हणाला, "आजोबा, हिला घरी नेऊन झोपवा."

शेडच्या दारात मेहुणा कागदावर आकडे लिहीत होता.

"रुंदीही छान भरतेय, भाऊजी!"

बॅटरी भरावी म्हणून नानांनी जिवावर उदार होऊन, पुस्तक मोडून गाडी चालूच ठेवली आणि मेकॅनिकला फोन लावला. सगळे त्याला वस्ताद म्हणायचे.

"वस्ताद, तेलाचा दाब गेला!"

"तेल किती आहे?"

"खुणेपर्यंत."

"इंजिनाचा आवाज कसा येतोय?"

"आवाजाचं मला कळत नाही. काटा दहा म्हणतोय."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको म्हणाली, "मशीन तर छान चाललंय हो!" तिने तीस वर्षं शिवणाचा कारखाना चालवला होता. वीस मशिनांपैकी कोणतं कुरकुरतंय, ते ती पाठमोरी सांगायची. पण तिचं म्हणणं कुठे छापलेलं नव्हतं, त्यामुळे नानांनी ते मनावर घेतलं नाही.

"असं करा," वस्ताद म्हणाला, "इंजिन बंद करा. काट्याच्या मागे एक बारीक नळी आहे, ती जरा ढिली करा. मग कुणाला तरी क्षणभर गाडी चालू करायला सांगा. तेल पाझरलं, तर दाब आहे. जरा ढिली, बरं का! मी येतोच."

अर्धवट काम नानांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी नळी पूर्ण सोडवली आणि टोक नीट दिसावं म्हणून पुढे ओढून ठेवलं.

"मेहुणे, जरा बसता का? नुसती चावी फिरवायची."

मेहुण्याने मोजपट्टी खिशात टाकली, ऐटीत बसला आणि चावी फिरवली.

फुर्रर्र!

काळ्या तेलाची पिचकारी आधी गाडीच्या छताला लागली, तिथून मेहुण्याच्या टकलावर आली आणि मग शर्टभर पसरली. मेहुणा ओरडत होता, चावी उलटीसुलटी फिरवत होता, आणि नाना शेडमध्ये टाळ्या पिटत होते.

"दाब आहे! अहो मेहुणे, भरपूर दाब आहे!"

"ताई! तुझा नवरा मला मारतोय!"

वस्ताद आला तेव्हा मेहुणा नानांचा जुना चौकड्यांचा शर्ट घालून पायरीवर धुमसत बसला होता. वस्तादने आधी पोट धरून हसून घेतलं, मग नळीवर स्वतःकडचा दुसरा काटा लावून पाहिला. वेग दिला की चाळीस. सोडला की दहा.

"एक नंबर! या वयात इंजिन गरम असताना उभ्या गाडीत दहा म्हणजे तब्येत ठणठणीत."

"कसं शक्य आहे? पुस्तकात चाळीस आहे."

वस्तादने पुस्तक उघडलं. त्या ओळीत छापलेला दहाचा आकडा खोडलेला होता आणि वर लाल शाईत सुबकपणे चाळीस लिहिलं होतं.

"हे कुणी केलं?" नानांनी विचारलं.

बायकोने वाकून पाहिलं. "कुणी म्हणजे? माझ्या वाणसामानाच्या यादीतसुद्धा तुमची ही लाल शाई असते!"

नानांचे कान लाल झाले. "वरच्या ओळीत पळत्या गाडीला चाळीस होतं... खालच्या ओळीत उभ्या गाडीला एकदम दहा... मला वाटलं, अक्षरं जुळवणाऱ्याची चूक."

स्वतःचीच दुरुस्ती अकरा वर्षांनी त्यांनी वेदवाक्य मानली होती!

वस्तादने नळी घट्ट केली आणि साडेअकराला वरात निघाली. पुढे नाना आणि बायको, मागे चौकड्यांच्या शर्टातला मेहुणा. पहिल्या सिग्नलला काटा दहावर आला. नानांचा हात चावीकडे गेला. बायकोने तो उचलून पुन्हा स्टिअरिंगवर ठेवला. गाडी गुणगुणत राहिली. नानांना इतकं हलकं वाटलं, की पुढच्या उतारावर ते चक्क शीळ घालू लागले.

"अहो," बायको सहज म्हणाली, "त्या पुस्तकात अजून कुठे काही दुरुस्त केलंय?"

"छे! फारसं नाही. ब्रेकच्या पानावर एकच."

बायको एकदम ताठ बसली.

"बाजूला घ्या. आणि बंद करा!"

नानांनी घेतली आणि केली. मागून मेहुणा उसळला. "बंद पडली! ताई, शेड माझी!"

"पडली नाही, मी बंद करायला लावली," बायको म्हणाली. "तू गप्प बस. वस्तादला फोन लावा हो, आणि त्याला सांगा, तुम्ही ब्रेकच्या पानावर काय केलंत ते."

"त्याला कशाला त्रास?" नाना ओशाळून म्हणाले. "पान नंबर त्रेपन्ननंतर पुन्हा त्रेपन्नच छापलं होतं. मी फक्त चोपन्न केलं."

बायकोने स्वतःच हात लांबवून चावी फिरवली.

"आवाज चांगला आहे," ती म्हणाली. "चला."