ऋषीच्या नावचं मौन

सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी सुलेखाताईंनी मुलाला फोन लावला. सूर्योदय सहा पस्तीसला होता. म्हणजे अडतीस वर्षांच्या मुलाला एक गोष्ट समजावून सांगायला त्यांच्याकडे सत्तावीस मिनिटं होती, आणि त्यातली वीस तोच बोलणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"आई, एव्हरीथिंग ओके? बाबा ठीक आहेत ना?"

"बाबा मजेत आहेत. इथेच बसलेत." श्रीरंगराव खरोखरच शेजारी खुर्ची ओढून बसले होते. असा फोन ते सोडणाऱ्यातले नव्हते. "ऋषी, आज संकष्टी आहे रे."

"ओके. हॅपी संकष्टी."

"तसं नव्हे. तुला तो शो मिळावा म्हणून मी गणपतीला बोलले होते. तुझ्या नावाने."

"सो स्वीट, आई. नारळ वगैरे असेल तर तूच फोड ना माझ्यातर्फे."

"नारळाचं नाही बोलले. मौनाचं बोलले. चार संकष्ट्यांच्या आत एक दिवस, सूर्योदयापासून चंद्रोदयापर्यंत, तू एक अक्षर बोलणार नाहीस असं. आज चौथी."

पलीकडे काहीच ऐकू येईना. पोराने सूर्योदयाच्या आधीच सुरुवात केली की काय, असं क्षणभर सुलेखाताईंना वाटलं.

सुलेखाताईंचा नवस करायचा हात तसा जुना. ऋषीला कांजिण्या आल्या तेव्हा त्यांनी त्याच्या नावाने बटाट्याचे चिप्स सोडले होते. कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेच्या वेळी चीज सोडलं; सहा महिने घरात पिझ्झा आला नाही आणि पोराला वाटलं, कोपऱ्यावरचं दुकान बंद पडलं. नवस बोलायचा आईने, पाळायचा मुलाने, आणि मुलाला पत्ता लागू द्यायचा नाही, अशी ती पद्धत होती. मुलगा आपल्या छपराखाली होता तोवर ती बिनबोभाट चालली. त्यात नियम एकच. सोडायची ती वस्तू जिवापाड आवडीची हवी. नावडती वस्तू सोडली तर देवाला ते कळतं.

आता अडतीस वर्षांच्या ऋषीला जिवापाड काय आवडत होतं? गोड तो खात नव्हता. चीजची चटक त्या सहा महिन्यांत सुटली ती सुटलीच. आवडत होतं फक्त बोलणं. नवव्या वर्षी इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेच्या मराठी शाळेत त्याने 'प्रार्थनेला उभं राहायची सक्ती' या विषयावर बाईंशी वीस मिनिटं वाद घातला होता, आणि सक्ती असलीच पाहिजे असं त्याचं म्हणणं होतं. कॉलेजात सगळे मोर्चे काढत तेव्हा हा मोर्चाच्या विरुद्ध पत्रकं वाटायचा. पुढे ओहायोत एका रेडिओवर पहाटे शेतकऱ्यांशी करांविषयी बोलत तीन वर्षं काढली. मग टीव्हीवर सहा चौकटींतल्या खालच्या उजव्या चौकटीत बसून बाकीच्या पाचांवर ओरडला. मग पुस्तक लिहिलं. कुटुंब, देवधर्म, दिलेला शब्द, आणि सरकारने चुलीपर्यंत येऊ नये, हे त्याचे चार खांब. त्यांच्यावर उभा राहून तो या ऑगस्टमध्ये संध्याकाळी सातच्या स्वतःच्या शोपर्यंत पोचला होता. 'द रिशी बिवलकर अवर.' त्यातला बिवलकर अमेरिकेत प्रत्येक जण वेगळा उच्चारत असे.

"आई," ऋषी शेवटी म्हणाला, "माझा टॉक शो आहे. टॉक."

"हो रे. म्हणून तर इतके दिवस थांबले. पहिल्या संकष्टीला तुझा शो नवा नवा होता. दुसरीला तू आयोवात भाषणाला गेला होतास. तिसरीला तुझा घसा बसला होता, तेव्हा आपोआप फिटेल असं वाटलं. पण तू बसलेल्या घशाने जास्तच बोललास."

"चंद्रोदय कधी आहे?"

"सात एकेचाळीस."

"आणि माझा शो सात ते आठ आहे."

"म्हणजे एकोणीस मिनिटं उरतात की तुला," सुलेखाताई हळूच म्हणाल्या.

"आई, बी रीझनेबल. पहिल्या तीन महिन्यांच्या नंबर्सवर चॅनल ठरवणार आहे, शो ठेवायचा की नाही. हा शेवटचा आठवडा आहे. आज मी गप्प बसलो तर शो गेला."

सुलेखाताईंनी समोरचं पंचांग मिटलं. त्या चॅनलवाल्यांच्या आठवड्यांचा हिशेब त्यांच्या पंचांगात नव्हता. पण ज्याच्या कृपेने शो मिळाला त्यालाच बुडवायचं म्हणजे तरी काय. "मी तुला सक्ती नाही करत," त्या म्हणाल्या. "तुला जमत नसेल तर राहू दे. मी बघते काय ते देवाशी बोलून."

इथे श्रीरंगरावांनी चष्मा चढवला. तीस वर्षं टेलिफोनच्या प्रयोगशाळेत काढून निवृत्त झालेले हे गृहस्थ मुलाच्या पक्षाला कधीच मत देत नसत. त्याचं पुस्तक मात्र त्यांनी दोनदा वाचलं होतं, पेन्सिल घेऊन.

"पान एकशे बारा," ते फोनजवळ तोंड नेऊन म्हणाले. "'आईवडिलांनी दिलेला शब्द जो मुलगा स्वतःचा मानतो, त्याच्याच खांद्यावर हा देश उभा आहे.' पुढे लिहिलंयस, 'अडचण आली की शब्द मोडणाऱ्यांची एक अख्खी पिढी आपण वाढवली.' छान आहे वाक्य. दोन रेघा मारल्यात मी."

"बाबा, धिस इज नॉट फनी. ते मेटॅफॉरिकली लिहिलं होतं. त्यात मी संकष्टीचा विचार कुठे केला होता, आणि मुळात कन्सेंट नावाची एक गोष्ट..."

"ऋषी," सुलेखाताई म्हणाल्या, "सहा पस्तीस झाले रे."

वाक्य तिथेच तुटलं. मग फोनवर नुसता श्वास ऐकू येत राहिला, मोठा आणि संतापलेला. दोन मिनिटांनी मेसेज आला: "लिहिलेलं चालतं का?"

सुलेखाताईंनी शोभनाला फोन केला. शोभना तीन घरं पलीकडे राहायची आणि व्रतांच्या बाबतीत तिचा शब्द या गल्लीत शेवटचा मानला जाई. ती म्हणाली, "मौनात लिहिलेलं चालतं गं. फक्त खुणा करून भांडायचं नाही."

शोची प्रोड्यूसर मेगन ही गोरी, उंच आणि कायम घाईत असलेली बाई. ऋषीने तिला सकाळी नऊला लिहून कळवलं आणि तिने काय उत्तर दिलं ते त्याने जसंच्या तसं आईला पुढे पाठवलं. सुलेखाताईंना ते वाचून दाखवताना श्रीरंगरावांनी तीन शब्द गाळले. तात्पर्य असं की गप्प बसायचं असेल तर घरी बस. तुझ्याऐवजी शोसाठी तुझ्याबरोबर रांगेत असलेला तो दुसरा माणूस बसेल, तो ऑगस्टपासून मेकअप करूनच हिंडतोय.

"तो एकदा बसला की उठायचा नाही," श्रीरंगराव म्हणाले.

दुपारी वेगळीच बातमी आली. ऋषीने चॅनलच्या वकिलाला आपल्याच शोच्या चार भागांच्या लिंका पाठवल्या होत्या. चारही भागांत तो एकच गोष्ट घसा फोडून सांगत होता, की कामाच्या जागी माणसाला आपला धर्म पाळू न देणारा मालक हा देशाचा शत्रू आहे. वकिलाने चारही भाग बघितले, कपाळ दाबलं आणि मेगनला कळवलं की याला खुर्चीवरून उठवता येणार नाही. त्यावर मेगनने ऋषीला लिहिलं: बस तर मग. पण लोक उठून गेले तर पुढच्या आठवड्यात तूही जाशील.

"त्याने आपणहून केलं हो हे," सुलेखाताई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या.

"त्याने नाही, पान एकशे बाराने केलं," श्रीरंगराव म्हणाले. आजचा दिवस त्यांना फार छान जात होता.

पावणेसातला शोभना आली. मोदक झाकून ठेवले होते, चंद्राला ओवाळायचं तबक दाराशी तयार होतं. सात वाजता शो सुरू झाला. एरवी ऋषी पहिल्या सेकंदाला बोलायला लागायचा. आज तो कोट घालून, हात जोडल्यासारखे टेबलावर ठेवून बसला होता. खाली पट्टी होती: 'सूत्रधाराचे धार्मिक मौन. चंद्रोदयास बाकी,' आणि पुढे उलटं धावणारं घड्याळ. चाळीस मिनिटं, अठ्ठावन्न सेकंद.

"रॉकेट सोडतायत जणू," शोभना म्हणाली.

समोर पाहुणा होता हॅलोरन, बॉस्टनचा प्राध्यापक, विरुद्ध पक्षाचा. दोन वर्षं हे दोघे वेगवेगळ्या शोंमध्ये एकमेकांशी भांडत होते आणि त्या दोन वर्षांत एकाचंही वाक्य पूर्ण झालं नव्हतं. आजचा विषय होता, शाळेतल्या मुलांना नाश्ता सरकारने द्यावा का. हॅलोरन द्यावा म्हणणारा. त्याने तावातावाने सुरुवात केली आणि सवयीने एका वाक्याच्या मध्यावर थांबला, कारण तिथे ऋषी त्याला तोडत असे.

ऋषीने तोडलं नाही.

हॅलोरनने ते वाक्य कसंबसं पुरं केलं. त्याच्या पुढे काय असतं हे त्याला माहीत नव्हतं, कारण इतक्या लांब तो कधी आलाच नव्हता. दोघे एकमेकांकडे बघत राहिले. टीव्हीवर अकरा सेकंद कोणी बोललं नाही.

"लोक जातायत," श्रीरंगराव फोनवर प्रेक्षकांच्या कॉमेंट्स बघून म्हणाले. "एकाने लिहिलंय, माझा टीव्ही बिघडला का. दुसऱ्याने लिहिलंय, गुड नाइट." त्यांच्या आवाजात मजा होती, पण बायकोकडे नजर गेली तेव्हा त्यांनी फोन उलटा ठेवला. सुलेखाताईंनी डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते.

"अगं, बघ तरी," शोभनाने त्यांना कोपराने ढोसलं.

पडद्यावर ऋषीने डावी भुवई किंचित उचलली होती. एवढंच. पण हॅलोरन त्या भुवईने चळला. तुम्ही काय म्हणणार ते मला माहीत आहे, असं म्हणून त्याने ऋषीची बाजू मांडायला घेतली, खोडून काढण्यासाठी. मुलाला खायला घालणं हे घराचं काम आहे, सकाळी पाच मिनिटं एकत्र बसणं हाच खरा नाश्ता असतो, वगैरे. ती त्याने इतकी सुरेख मांडली की ऋषीलाही मान डोलवावीशी वाटली, आणि डोलवली. मग हॅलोरन खोडून काढायला वळला, आणि समोरून कोणी ओरडत नसल्यामुळे त्याला स्वतःचंच बोलणं ऐकू येऊ लागलं. तो थांबला. टाय सैल केला. आणि म्हणाला, खरं सांगायचं तर आज सकाळी माझ्या मुलांनी काय खाल्लं हे मला ठाऊक नाही. काल काय खाल्लं तेही नाही.

ऋषीने पुढे वाकून पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला.

"हे काय शिकवलंय गं तू याला," शोभना कुजबुजली.

श्रीरंगरावांनी फोन पुन्हा सुलटा केला. लोक परत येत होते. परत येताना आणखी लोक घेऊन येत होते. कुणी विचारत होतं संकष्टी म्हणजे काय, कुणी आपापल्या गावचा चंद्रोदय टाकत होतं. नेब्रास्कातली एक बाई लिहीत होती की माझ्या नवऱ्यासाठी हे कुठे मिळेल.

सात एकेचाळीसला घड्याळ शून्यावर आलं. सुलेखाताई तबक घेऊन अंगणात पळाल्या. शेजारच्या गॅरेजवर चंद्र अर्धाच वर आला होता. त्यांनी ओवाळलं, डोळ्यांना पाणी लावलं आणि आत आल्या तेव्हा ऋषीने नुकतंच तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्याचा हात कानातल्या यंत्राकडे गेला. त्याने काहीतरी ऐकलं, चेहरा पडला, आणि तोंड मिटलं. आठ वाजेपर्यंत ते उघडलं नाही. हॅलोरन एकटा बोलत होता, आणि जाताना ऋषीचा हात दोन्ही हातांत धरून इतकं मनमोकळं बोलणं फार वर्षांत झालं नव्हतं असं म्हणाला.

आठ दहाला फोन आला.

"आई, फिटला का?"

"फिटला रे राजा. वर एकोणीस मिनिटं जास्तीची गेली. मोदक ठेवलेत तुझे. पण तू नंतर का नाही बोललास?"

"मेगन कानात म्हणाली, एक शब्द बोललास तर तुला काढून टाकीन. चॅनलने शो दोन वर्षांसाठी पक्का केलाय." ऋषीचा आवाज घोगरा झाला होता. "पण दर गुरुवारी मी गप्प बसायचं. कॉन्ट्रॅक्टमध्ये घालतायत. आई, मी पंधरा वर्षं या कामासाठी बोलायची प्रॅक्टिस केली."

"गुरुवार चांगला वार आहे," सुलेखाताई म्हणाल्या.

श्रीरंगराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. झोपेतही ते मधूनच हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्रसन्न मनाने स्वयंपाकघरात आले. आलं घातलेला, दूध बेताचं, रंग विटकरी, असा पहिला चहा ही त्यांच्या आयुष्यातली एकमेव चैन होती. दुसरा आणि तिसरा त्यांच्या मते औषध होते. त्यांनी कप उचलला, ओठाला लावला आणि खाली ठेवला.

"अगं, हे गरम पाणी आहे."

"तुळस घातलीय त्यात."

"आणि चहा?"

सुलेखाताईंनी ओट्यावरचं स्वच्छ असलेलं फडकं पुन्हा पिळायला घेतलं. "काल त्या अकरा सेकंदांत माझ्या जिवात जीव राहिला नव्हता हो. पोराचा शो जातो की काय असं झालं. तेव्हा मी बोलले गणपतीला."

"कुणाच्या नावाने?" श्रीरंगरावांनी विचारलं, जरी त्यांना कळलं होतं.

"जिवापाड आवडीचं हवं ना ते. माझ्याकडे तसं काही उरलं नाहीये आता."

श्रीरंगरावांनी कप पुन्हा जवळ ओढला. कपात तुळशीची दोन पानं तरंगत होती. "किती दिवस?"

"फार नाही. पुढच्या अंगारकीपर्यंत."

अंगारकी म्हणजे मंगळवारी आलेली संकष्टी, एवढं त्यांना माहीत होतं. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि चष्मा चढवला. नोव्हेंबर उलटला. डिसेंबर उलटला. मग कॅलेंडर संपलं.