एक दिवस मागे

मंगळवारी सकाळी नऊ वाजता, पलसाण्याच्या डाइंग मिलच्या ऑफिसात सुकदेव मास्तरांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि कॉम्प्युटर गेला. आतला पंखा फिरत होता, हिरवा दिवाही लागला होता. पण पडदा असा काळा, की तीस वर्षं कापड रंगवलेल्या मास्तरांनाही ती शेड ओळखता आली नसती.

बटण दाबायचा मान मास्तरांना देण्याची कल्पना ऑफिसचे मॅनेजर सुरेश देवस्थळी यांची. तशा तिथल्या सगळ्याच कल्पना त्यांच्या. कुठल्या शेडला कुठला रंग किती घालायचा, हे मास्तरांनी एका वहीत आपल्या खुणांनी लिहून ठेवलं होतं. एप्रिलअखेर ते नोकरी संपवून अमळनेरकडे गावी जायचे होते. म्हणून देवस्थळींनी महिनाभर त्यांना समोर बसवलं आणि चारशे बारा शेड कॉम्प्युटरमध्ये घातल्या. मग दोन ठिकाणी लिहिलेलं असलं की घोटाळे होतात असं म्हणून, वहीचं काय करायचं तेही त्यांनीच सुचवलं. जीर्ण पोथीचं करतात तेच. मास्तरांनी वहीला हळदकुंकू वाहिलं आणि ती तापीत सोडली.

सोमवारी, सव्वीस तारखेला, कॉम्प्युटरमधला व्हायरस जागा होणार असं शनिवारच्या पेपरात आलं होतं. त्या दिवशी मशीन बंद ठेवा, असा साधा उपायही छापला होता. पण सोमवारी मालाची चलनं काढायची होती. आता देवस्थळी वाढले ते अशा घरात, जिथे गुरुवार प्रवासाला वाईट निघाला, तर बुधवारीच सुपारी-तांदूळ बांधलेली पिशवी प्रस्थान म्हणून शेजारच्या घरी ठेवत आणि गुरुवारी खुशाल गाडी पकडत. पंचांगाने कधी तक्रार केली नव्हती. तोच न्याय लावून त्यांनी शनिवारी संध्याकाळी, ऑफिसात कुणी नसताना, कॉम्प्युटरची तारीख एक दिवस मागे केली.

सोमवारी मशीनला वाटलं आज रविवार, पंचवीस. चलनं धडाधड निघाली. शेजारच्या मिलचा कॉम्प्युटर बसल्याचं कळलं, तेव्हा देवस्थळींनी स्वतःसाठी एक जादा चहा मागवला. मंगळवारी, संकट टळलं म्हणून, त्यांनी मास्तरांना रंगाच्या टाकीवरून बोलावून आणलं आणि शुभहस्ते बटण दाबायला लावलं. मशीनच्या हिशेबी आज सव्वीस तारीख आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं ते पडदा काळा झाल्यावर.

बटणावर मास्तरांच्या अंगठ्याचा निळा ठसा उमटला होता.

"मना हात वल्ला व्हता, साहेब," मास्तर म्हणाले.

देवस्थळींनी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मिलचे मालक, शेठ, आले. त्यांनी काळा पडदा पाहिला, ठसा पाहिला, मास्तरांचे कोपरापर्यंत निळे हात पाहिले, आणि मास्तर, हात तरी पुसायचा होता, एवढंच म्हणून निघून गेले. देवस्थळींनी उघडलेलं तोंड मिटलं.

दुपारी उधन्याहून धनसुखभाई मेकॅनिक स्कूटरवरून आले. त्यांनी डबा उघडला, आतला बोर्ड काढून दुसरा बसवला. पडदा उजळला. पण आत काही म्हणजे काही नव्हतं. मशीन आजच दुकानातून आणल्यासारखं कोरं.

"कॉपी तो हशे ने?" धनसुखभाईंनी विचारलं.

"आहे ना. दोन आहेत."

"क्यां?"

देवस्थळींनी त्याच मशीनकडे बोट दाखवलं. सुरक्षिततेसाठी दोन वेगळ्या नावांनी ठेवल्या होत्या.

धनसुखभाईंनी सुस्कारा सोडला आणि टेबलावरचं एक चलन वारा घ्यायला उचललं. वारा घेता घेता ते थांबले. "सुरेशभाई, रविवारे मिल चालू हती?"

"नाही."

"तो आ पचीस तारीखनुं चलन?" मग त्यांनी मास्तरांचा निळा ठसा पाहिला, देवस्थळींचा चेहरा पाहिला आणि आवाज खाली आणला. "हुं कोईने नहीं कहुं."

त्यांनी ओरडून सगळ्या मिलला सांगितलं असतं, तर देवस्थळींना बरं वाटलं असतं.

बुधवारी मास्तर नवी कोरी वही घेऊन आले. बसण्याआधी त्यांनी हात पंच्याला तीनदा पुसले.

"लिखा साहेब. पहिलीपासून."

"मास्तर, तुम्हाला सगळं पाठ आहे?"

"पाठच शे. पण एक सांगनं व्हतं." मास्तरांनी दाराकडे पाहून घेतलं. "तुमच्या मशीनला मी हात राखून सांगितलं. दर शेडला एक चीज कमी. मना वस्तादनं माले तसंच सांगितलं व्हतं, बाकीचं मी डोळ्यांनी शिकलो. पण आता मनाच हातानं मशीन गेलं. तव्हा खरं सांगून जातो. मनावर बोजा नको."

म्हणजे जे गेलं ते खोटंच होतं आणि जे खरं ते आता समोर बसलं होतं. देवस्थळींना हायसं वाटायला हवं होतं. त्यांनी खाली मान घालून लिहायला सुरुवात केली. मास्तर डोळे मिटून सांगत होते. मध्येच थांबून, शुक्रवारी आपल्या निरोपाला शेठ येतील ना, असं त्यांनी हळूच विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं.

चाळिसावी शेड, गडद जांभळी, लिहून झाली आणि देवस्थळींनी पेन खाली ठेवलं.

"मास्तर, तुमच्या हातानं काही झालेलं नाही. तारीख मी मागे केली होती." आणि त्यांनी शनिवारपासूनचं सगळं सांगितलं. काल शेठांसमोर गप्प बसलो, तेही. आत्ता जाऊन शेठांना सांगतो, असंही म्हणाले.

मास्तरांनी डोळे उघडले. आपला निळा अंगठा पंच्याला पुसला. चिडले नाहीत.

"ते सांगा शेठला. पण आधी हे होऊ द्या. किती झाल्या?"

"चाळीस."

"लिखा. एकेचाळीस."

आवाज तोच, संथ. आतापर्यंत प्रत्येक शेडमध्ये सहा वस्तू येत होत्या. एकेचाळिसाव्या शेडमध्ये पाच आल्या. बेचाळिसाव्यातही पाचच. देवस्थळींनी त्या पुन्हा एकदा मोजल्या, आणि मान वर न करता पुढची ओळ लिहायला घेतली.