दसऱ्यास पूजलेला पाना उचलून चार प्लग पालटल्याची हकीकत

श्रीगजाननाचे चरणी मस्तक, आणि अग्निनारायणास नमस्कार, की ज्याची ठिणगी पडल्यावाचून कोणाचेच काही चालत नाही. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध दशमी, मंदवार, ते दिवशी एके राज्यी जे वर्तले ते यथास्थित लिहितो. राज्य म्हणजे दुसरा मजला, तीन खोल्या, आणि खाली पटांगणी एक चारचाकी रथ, वय वर्षे तेरा, रंग मूळचा रुपेरी. राज्याचे धनी मोरेश्वरपंत, स्वभावे गरीब, हाती सदैव मोबाइल. कारभार सर्व त्यांच्या सौभाग्यवती शैलजाबाईंचा. आणि दोघांचेही वर पंतांच्या आत्या गोदूबाई, वय एकाहत्तर, ज्यांनी एकदा नाही म्हटले म्हणजे विषय मिटला. या गोदूआत्यांची थोरली बहीण चंपूआक्का घाटापलीकडे चौदा कोसांवर राहत असे. अकरा वर्षांमागे एका मुंजीत ओटी आधी कोणाची भरावी यावरून दोघींत बिघाड जाहला, आणि तेव्हापासून एकमेकींस शब्द नाही. मग नवमीस आक्कांचा निरोप आला, की मी लेकाकडे परमुलुखी कायमची जाते, उद्या दिवेलागणीस निघेन, गोदूस सोने द्यावयाचे असेल तर यावे. आत्यांनी निरोप ऐकून तोंडाने 'बघू' म्हटले आणि लगोलग ठेवणीतले इरकली लुगडे काढून खुर्चीवर ठेविले, त्यावरून काय ते सर्वांस समजले.

दशमीस प्रातःकाळी शस्त्रपूजन जाहले. शस्त्रे म्हणजे शैलजाबाईंची हत्यारांची पेटी; तीन वर्षांमागे एक मिस्त्री त्यांस 'वहिनी, हे बायकांचं काम नव्हे' ऐसे बोलिला, तेव्हापासून रथाचे तेलपाणी त्या स्वहस्ते करीत. तर ती हत्यारे पाटावर मांडिली, हळदकुंकू वाहिले, झेंडू आणि अक्षता घातल्या, आणि राज्याचा कायदा ऐसा, की पूजलेले शस्त्र दुसरे दिवसापर्यंत उचलू नये. मग मंडळी खाली उतरली, पंतांनी किल्ली फिरविली, आणि रथ हिवताप भरल्यागत सर्वांगी थडथडू लागला. शैलजाबाईंनी कान देऊन सांगितले, की चारांतला एक सिलिंडर बसला, ठिणगीच पडत नाही, ऐसा घाट चढणार नाही. रथ महिनाभर खोकत होता, आणि ठिणगी पाडणारे नवे चार प्लग व त्यांस वीज पुरविणाऱ्या चार कॉइल ऐसे सामान कपाटात येऊनही पडले होते, परंतु सण होऊन जाऊ दे म्हणून बाईंनीच काम लांबविले, हे त्यांनी तेथेच कबूल केले. पंतांनी मिस्त्रीस फोन लाविला, तर त्याचीही हत्यारे पाटावर निजलेली. भाड्याच्या गाड्यांस पुसले, तर सणाचे दिवशी घाटात यावयास कोणी राजी नाही, एस.टी.त उभे राहावयासही जागा नाही, आणि आत्यांचे गुडघे उभे राहणारे नव्हत. पंत म्हणाले की आता इलाज खुंटला. पंतांचा इलाज फार लवकर खुंटतो, हे त्यांचेच राज्यात राहून लिहितो.

मग शैलजाबाई वर गेल्या आणि पाटापुढे उभ्या राहिल्या. मागोमाग आत्याही धापा टाकीत आल्या आणि म्हणाल्या की बाबांच्या वेळेपासून पूजलेला पाना कोणी हलविला नाही, मी हलवू देणार नाही, नशिबी नसेल तर भेट नाही. ऐसे बोलताना हात मात्र लुगड्याचे निऱ्यांवरून फिरत होता. शैलजाबाई आवाज न चढविता बोलल्या,

"आत्याबाई, पाना उद्याही इथंच असेल. आक्का नसतील."

आत्यांनी निऱ्यांवरचा हात काढिला. मग कष्टाने वाकून स्वहस्ते पाना उचलिला, कपाळास लाविला, आणि सुनेच्या हाती दिला.

"घे. दोष लागला तर मला लागू दे."

मग काय विचारता! दहाचे सुमारास मोहीम सुरू जाहली. इंजिन निवेपर्यंत थांबून बॅटरीची वायर सोडविली, पंतांस बॅटरी धरून उभे केले ती उजेडाची, आणि एकेक कॉइल बोल्ट काढून वर ओढिली. पहिले दोन प्लग निमूट शरण आले. तिसरा हट्टास पेटला, तेव्हा बाईंनी जोर न करिता पाव वळसा उलटा, पाव वळसा सुलटा, ऐसा अर्धा तास त्यास खेळविला. एकदा पानाच प्लगावर बसेना. पाहतात तो पान्याचे नळीत अक्षतांचा एक दाणा अडकलेला, तो आत्यांनी अंबाड्यातला आकडा काढून उपसला. शेवटी तिसरा प्लग निघाला, आणि त्याचे वरची काढून ठेविलेली कॉइल उलटी करून पाहतात तो खालून हिरवा-पांढरा गंज, आणि त्यास चिकटलेली झेंडूची वाळकी पाकळी. बाईंनी ती चट मुठीत लपविली.

आत्या म्हणाल्या, "मूठ उघड."

येथे जुनी गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आत्यांचे वडील मालमोटार हाकीत, आणि दर दसऱ्यास झाकण उघडून खुद्द इंजिनास झेंडू वाहून नारळाचे पाणी पाजीत. तीच चाल आत्यांनी या रथास तेरा वर्षे चालविली, आणि ते पाणी प्लगाचे भोकात उतरून वर्षानुवर्षे मुरत राहिले. बाईंनी समजाविले की ती मोटार डिझेलची, तीस प्लगच नव्हते, तुमची चूक नाही. आत्या पाकळीकडे पाहत राहिल्या, आणि फार हळू आवाजात म्हणाल्या की मी मायेने पाजीत होते गं. बाईंचेही डोळे भरले, परंतु हात थांबले नाहीत. भोके कोरडी पुसली, नवे प्लग आधी बोटांनी, मग पान्याने बेताने आवळले, कॉइल बसविल्या, बॅटरी जोडिली, आणि एकाचे ठोक्यास किल्ली फिरविताच रथ ऐसा शांत चालू लागला की पंतांनी चालू आहे की नाही म्हणून वाकून ऐकिले.

घाट एका दमात चढला. चार वाजता आक्कांचे दारी पोचले. ओसरीवर बॅगा बांधलेल्या, आणि आक्का पायरीवर उभ्या, हाती नारळ. गोदूबाईंकडे पाहिलेही नाही. पंतांस मात्र म्हणाल्या की दसऱ्याची गाडी दारी आली, झाकण उघड. शेवटी त्याही त्याच बापाच्या लेकी. पंतांनी मुकाट्याने उघडिले. आक्कांनी इंजिनावर नारळ उगारिला, आणि अकरा वर्षांत पहिला शब्द गोदूबाईंचे मुखातून बाहेर पडला.

"आक्के, आत नको गं. चाकाशी फोड."

आक्कांचा हात वरच राहिला. "बाबा आतच पाजायचे," त्या म्हणाल्या.

"बाबांच्या गाडीला प्लग नव्हते."

आक्कांनी गोदूबाईंकडे पाहिले, मग हसू आले, मग रडू आले, आणि नारळ चाकाशी फुटला. दोघी तेथेच पायरीवर बसल्या, आपट्याची पाने एकमेकींचे हाती दिली, आणि दिवेलागणीपर्यंत उठल्या नाहीत.

एणेप्रमाणे अकरा वर्षांचे युद्ध एका दिवसात आटोपले. कामी आले प्लग चार, कॉइल चार, नारळ एक. पाना दुसरे दिवशी धुऊन पाटावर परत ठेविला, आणि आत्यांनी त्यास दोन फुले अधिक वाहिली.