चाळीस घरांची पाठ

मुडबीच्या चाळीस घरांचा नकाशा भीमराजने आईच्या घरापासून काढायला घेतला आणि घोटाळ्याचा पाया तिथंच घातला गेला.

ही गोष्ट १९८९ सालची. गुलबर्ग्यात शिवशंकरप्पांच्या नकाशाच्या कचेरीत नवा कॉम्प्युटर आला होता आणि बी.एस्सी. झालेल्या भीमराजशिवाय त्याला कुणी हात लावत नव्हतं. त्यात एक सोय होती. एक घर नीट काढायचं आणि त्याच्या हव्या तितक्या नकला मांडायच्या. नकला मूळ घराला बांधलेल्या राहत. मुळाची खिडकी सरकवली की सगळ्यांची सरके. मुडबीच्या बौद्ध वस्तीला सरकारी घरं मंजूर झाली, तेव्हा भीमराजने चिठ्ठीत आईला आलेलं एक नंबरचं घर मूळ धरलं. पहिलं घर मायचं असावं, एवढाच त्याचा विचार.

रविवारी त्याने नकाशा गावी नेला. वीस घरं इकडे, वीस तिकडे, मधे रस्ता, नळ. आईने, सावित्रीबाईंनी, एकच विचारलं, "माज्या दारासमोर कोण?"

"एकवीस नंबर. भागाकाकू."

"मग मला न्हाई पायजे घर."

दोघी जावा अकरा वर्षं बोलत नव्हत्या. वाटणीत पाटा भागाबाईंकडे गेला होता, वरवंटा सावित्रीबाईंकडे.

"जुन्या वस्तीत बी तिचंच तोंड बघितलं, हितं बी तेच व्हय? माजं दार मागल्या अंगाला फिरव."

"माय, मागं ओढा हाय."

"ओढा बोलत न्हाई."

सोमवारी भीमराजने पडद्यावर फक्त आईचं घर मोठं करून घेतलं. बाकीची एकोणचाळीस कडेच्या बाहेर गेली. दार पुढून उचलून मागे ठेवलं, नकाशा कागदावर उतरवला आणि वीज जाण्याआधी काम उरकल्याच्या आनंदात तो चहाला गेला. आईचं घर म्हणजेच मूळ, हे कचेरीतल्या सगळ्यांना समजावून सांगणारा तो स्वतःच विसरला. शिवशंकरप्पांनी न बघता सही केली. "कंपूटरचं काय तपासायचं?"

चार महिन्यांनी घरं झाल्याचा निरोप आला. भीमराज रस्त्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. इकडे वीस मुक्या भिंती, तिकडे वीस. मधे नळ, आणि नळावर चिटपाखरू नाही. वीस दारं ओढ्याकडे, वीस बाभळींकडे.

"काशप्पा, हे काय करून ठेवलंस?"

"तुमच्याच कागदावर हाय की, अण्णा," गवंडी काशप्पा म्हणाला. "मला बी वाटलं, उलटं हाय. पर माणूस चुकतो, कंपूटर कसा चुकंल?"

भीमराजने शिवशंकरप्पांसमोर चूक कबूल केली. ते म्हणाले, "गप बस. तपासणीचे साहेब खूश होऊन गेले. म्हणाले, रस्त्यावर गर्दी कशी न्हाई बघा."

लोक राहायला गेले. वस्तीत कुणाला कुणी दिसेनासं झालं. सावित्रीबाई दारात बसून ओढ्याकडे बघत. त्यांचं जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी.

"भीम्या," एकदा त्या म्हणाल्या, "भागी जित्ती हाय का मेली, काय कळंना झालंय."

"तुला कामून पायजे?"

"अकरा वर्षं ती चूल पेटवायची, मी तोंड फिरवायची. आता कुणीकडं फिरवू? रस्त्याकडं एक खिडकी पाड. माज्या एकटीच्याच घराला."

या वेळी भीमराज कॉम्प्युटरकडे फिरकला नाही. त्याने कागदावर पेन्सिलीने खिडकी काढली, दोनदा माप घेतलं, 'फक्त घर नंबर एक' लिहून खाली दोन रेघा मारल्या. काशप्पाने भिंत फोडली, चौकट बसवली.

सावित्रीबाई खिडकीत बसल्या. समोर भागाबाईंची कोरी भिंत होती. त्या तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या, मग फटकन तोंड फिरवून म्हणाल्या, "बघितलंस? अजून तशीच पाठ करून बसलीय."

भीमराज बाभळींना वळसा घालून काकूच्या दारात गेला. त्याने तोंड उघडण्याआधीच भागाबाई म्हणाल्या, "तिला खिडकी दिलीस. मला कामून न्हाई?"

"देतो की, काकू. समोरच काढू?"

"समोर नको. जरा बाजूला घे. मला ती दिसाया पायजे, तिला मी न्हाई."

भीमराजने कानावरची पेन्सिल काढली. प्रकाशाचा रस्ता जाता-येता एकच असतो, हे तो बी.एस्सी.ला शिकला होता. पण काकूला ते सांगायचा धीर त्याला होईना.