धुपवडीची माहेरवाशीण

राजारामपुरीत अक्कांच्या घरी पाण्याचा पेला हातात घेतला की धुपवडीचं खोरं ऐकावंच लागे. “हे कसलं पाणी? आमच्या सोनशी नदीचं पिऊन बघा. दगड खाल्ला तरी पचतोय!”

धुपवडी म्हणजे अक्कांचं माहेर. आजऱ्याच्या पल्याड, दाट रानात. थोरला डोंगर, धाकटा डोंगर, मधून सोनशी. एक फणस घरी आणायचा तर बैलगाडी जुंपावी लागे. अस्वलंसुद्धा रीतीची. “बायामाणूस दिसलं की बाजूला हून वाट देत्यात. तुमच्या कोल्हापुरातल्या सायकलवाल्यांगत अंगावर येत न्हाईत.”

सोनशी कधी पूर्वेला वाहायची, कधी पश्चिमेला. मी लग्न होऊन राजारामपुरीत नुकतीच आलेली, शाळेत भूगोल शिकलेली. एकदा म्हटलं, “अक्का, परवा तर पश्चिमेला म्हणाला होता.”

“वळली आसंल. नदी हाय ती. खुट्ट्याला बांधलेली म्हैस न्हवं.”

गल्लीतल्या बायकांना ते खोरं तोंडपाठ होतं. अक्का मात्र कधी माहेरी जात नसत. पंचमीला नदी उतरू देत नसे, दिवाळीला वाटेवर वाघ असे.

एका पंचमीला माझा भाऊ पुण्यात तापानं पडला आणि मला न्यायला कुणी आलंच नाही. गल्लीतल्या सुना एकेक करून गेल्या. मी चुलीपुढं डोळे पुसत बसले होते, तर दारात अक्का उभ्या.

“आवर गं. मुराळी आलाय.”

“कोण?”

“मी आलोय की! दिसत न्हाय व्हय?”

सासूबाईंना रीतसर विचारून त्यांनी मला आपल्या घरी नेलं. न्हाऊ घातलं, बांगड्या भरल्या, पुरणाची दिंडं पोट फुटेस्तोवर वाढली. दिवसभर एका भांड्याला हात लावू दिला नाही.

संध्याकाळी मला पोचवायला त्यांचे यजमान निघाले. लाकडाच्या वखारीत काम करणारा अबोल माणूस. वाटेत म्हणाले, “पोरी, धुपवडी कुठंच न्हाय. नरसोबाच्या वाडीत घाटावर सोडून दिलेलं लेकरू ती. दुसऱ्याच्या घरात भांडी घासून वाढली. आमचं लगीन झालं, पैली पंचमी आली, एकीनं विचारलं, तुझं माहेर कुठलं? तवा तिनं ते रान सांगितलं. मग रोज थोडं थोडं वाढवत गेली. आता मलाबी खरं वाटतंय.”

मी घरी कुणाला काही बोलले नाही.

पुढं हिवाळ्यात शेजारच्या काकूंकडे जंगलखात्यातले एक पाहुणे आले. आम्ही बायका कट्ट्यावर शेंगा फोडत होतो. अक्कांची धुपवडी सुरू झाली. पाहुणे मोठ्यानं हसले. “आजऱ्याचं सगळं रान माझ्या पायाखालचं हाय, बाई. असलं खोरं न्हायच तिथं.”

अक्कांचे हात थांबले. बायका खाली बघू लागल्या.

“आहे की, पावणं,” मी म्हणाले. “मी पंचमीला जाऊन आले.”

“तुम्ही?”

“हो. तिथली माणसं फार मायेची.”

अक्कांनी मान वर केली. “ऐकलासा न्हवं?” एवढंच म्हणाल्या आणि भराभर शेंगा फोडू लागल्या. फोलं सुपात पडत होती आणि दाणे खाली.