बँड घेऊन आईच्या भेटीला

खिडकी या विषयावर वल्येवो गावात माझ्यासमोर कुणी तोंड उघडू नये. माझा जन्म खिडक्या विकण्यात आणि बसवण्यात गेला. माणसाचा चेहरा एकवेळ विसरेन, पण मी बसवलेली खिडकी विसरणार नाही, असं मी गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगत असे. आता सांगत नाही.

टेकडीखालच्या वृद्धाश्रमाच्या झाडून सगळ्या खिडक्या माझ्या हातच्या. बाहेर तोफ डागली तरी आत कॉफीच्या कपावर तरंग उठणार नाही, असा माल! पुढे माझ्या आईचं, देसांकाचं, खुब्याचं हाड मोडलं आणि तिला तिथेच ठेवावं लागलं, तेव्हा मी तिला म्हणालो होतो, ‘‘आई, निदान वारा तरी लागणार नाही तुला.’’

मग साथ आली आणि वृद्धाश्रमाचं दार बंद झालं. उन्हाळ्यात थोडे दिवस उघडलं, तेव्हा अंगणात प्लास्टिकच्या पडद्याआडून भेटलो. आंघोळीच्या वेळी एकमेकांशी बोलतोय असं वाटायचं. शरद ऋतूत तेही बंद झालं. आईने लस घेतली, मी घेतली, दुसरीही घेतली, तरी दार बंदच. टीव्हीवर तज्ज्ञ मंडळी रोज नवा नियम सांगायची आणि दुसऱ्या दिवशी तो मागे घ्यायची. लग्नं बंद, बारशी बंद. गावातली खानावळ पुढून बंद आणि मागून उघडी, त्यामुळे सगळं गाव मागच्या गल्लीत भेटायचं, अगदी पोलीससुद्धा. लोक इतके विटले होते की नियम मोडण्याचाही कंटाळा येऊ लागला होता.

आईशी रोज फोनवर बोलणं व्हायचं. म्हणजे ती बोलायची. सूप पांचट होतं, शेजारीण घोरते, कुणाला कुठे हलवलं, खिडकीतून काय दिसतं. मी फोन स्पीकरवर टाकून समोर मॅच बघत ‘‘हं’’, ‘‘हो का’’, ‘‘छान’’ असं म्हणत असे. सगळेच मुलगे असं करतात असं मी धरून चाललो होतो.

दुसरा वसंत आला आणि आईची ऐंशी वर्षं भरत आली. माझ्या डोक्यात कल्पना चमकली. माझा मित्र चेदा गावातले रस्त्यावरचे दिवे बदलतो. त्याच्याकडे ती उंच हाताची गाडी आहे, टोकाला माणूस उभा राहील असा पाळणा असलेली. आईची खोली पुढच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. दारातून जाता येत नाही ना? मग खिडकीतून जायचं. तेही चोरासारखं नाही, बँड लावून!

माझी बायको ल्युबिंका शांत बाई आहे. तिने दोनच गोष्टी सुचवल्या. एक, आश्रमाला आधी विचार. दोन, आईला फोन करून खिडकीशी थांबायला सांग.

‘‘विचारलं तर नाही म्हणतील,’’ मी म्हणालो. ‘‘आणि सांगितलं तर गंमत काय राहिली?’’

ती पुढे काही बोलली नाही. आमच्या घरात माझ्या बहुतेक आपत्तींची सुरुवात ती गप्प बसते तिथून होते.

बँडवाल्यांना बोलवायला मी त्यांच्या म्होरक्याकडे, स्रेच्कोकडे गेलो. लग्नंच नसल्याने त्या बिचाऱ्यांनी वर्षभर कोंबड्यांपुढे सराव केला होता. तीन माणसं पुरेत म्हटलं, तर रविवारी दुपारी सगळा ताफा हजर. ढोलवाल्याने तर मेहुण्यालाही आणलं होतं. तो काहीच वाजवत नव्हता. नुसता ऐकायला आला होता.

आम्ही निघालो. पुढे चेदाची पिवळी गाडी, पाळण्यात सूट घातलेला मी, एका हातात केक, दुसऱ्या हातात च्वार्त्सीचा पुडा. डुकराच्या चरबीचा हा कुरकुरीत चिवडा आमच्या गावासारखा कुठे मिळत नाही आणि आईचा त्यावर फार जीव. मागे बँड. आणि बँडच्या मागे हळूहळू गाव. इतके महिने ज्यांनी खिडकीतून कचऱ्याची गाडी तेवढी बघितली होती, त्यांना ही वरात म्हणजे पर्वणीच. सुरुवातीला सगळे अंतर ठेवून चालत होते. वृद्धाश्रमाच्या फाटकाशी पोहोचेपर्यंत मास्क हनुवटीवर आले होते आणि बायकांनी हातात हात घालून फेर धरला होता.

चेदाने कळ दाबली. मी वर निघालो. खालून टाळ्या, शिट्ट्या, कर्ण्यांचा दणदणाट. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला माझाच अभिमान वाटला. असा मुलगा प्रत्येक आईला मिळो, असंही मनात येऊन गेलं.

केक आणि पुडा पायाशी ठेवून मी काचेवर टकटक केली. पडदा सरकला. आत पांढऱ्या केसांची म्हातारी, नाकापर्यंत मास्क. माझ्या चष्म्यावर मास्कमुळे माझ्याच श्वासाची वाफ धरली होती. शिवाय डोळे भरून आले होते. तिने तळवा काचेला लावला. मीही लावला. खाली लोक रडायला लागले. तिचा मास्क हलत होता, पण एक शब्द ऐकू येईना. माझाच माल! मी ओरडलो, ‘‘आई, मी आलो,’’ तर तिलाही ऐकू गेलं नाही. शेवटी तिने थरथरत्या हाताने खिडकीची मूठ फिरवली आणि ती उघडली.

‘‘मिलादिन,’’ ती म्हणाली. ‘‘सीमा उघडली का रे?’’

मी चष्मा पुसला.

ती माझी आई नव्हती. तिचे डोळे निळे होते. माझ्या आईचे डोळे तपकिरी आहेत. असावेत. म्हणजे आहेतच. पण त्या घटकेला, पाळण्यात लटकत असताना, मला ते आठवावं लागलं.

ही स्तामेना आजी, हे मला नंतर कळलं. तिचा मुलगा मिलादिन ऑस्ट्रियात लिंट्झला ट्रक दुरुस्त करतो. साथ सुरू झाल्यापासून सीमा बंद, म्हणून त्याला येता आलं नव्हतं. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की एका म्हातारीने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आहे आणि ती सोडायला तयार नाही. खाली बँडने आईवरचं गाणं धरलं होतं. शे-दोनशे माणसं मान वर करून बघत होती. ‘आजी, माफ करा, खिडकी चुकली’ एवढंच म्हणायचं होतं. मी काय म्हणालो? मी म्हणालो, ‘‘हो. उघडली.’’

मग ती बोलतच सुटली. मी जाड झालोय, केस गेलेत, तिकडचं खाणं वाईटच, बायको कशी आहे, धाकटीचा खोकला गेला का. मी ‘‘हं’’, ‘‘हो का’’, ‘‘छान’’ म्हणत होतो. त्यात माझा हात चांगला बसला होता. फरक एवढाच की या वेळी मी एकेक शब्द ऐकत होतो, कारण कुठल्या वाक्याला पकडला जाईन याचा नेम नव्हता. तिने केक घेतला, पुडा घेतला, वास घेतला आणि म्हणाली, ‘‘तुला तर हे आवडत नाही. माझ्यासाठी आणलंस?’’

एवढ्यात तिच्या मागचं दार धाडकन उघडलं आणि डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखातली नर्स झोर्का आत आली. आधी खिडकी बंद करा म्हणून ओरडली. मग तिने मला ओळखलं.

‘‘विदोये? तू स्तामेना आजींच्या खिडकीत काय करतोयस? तुझ्या आईला हिवाळ्यातच मागच्या बाजूला हलवलंय.’’

म्हातारीने झोर्काकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, नीट, वेळ घेऊन. तिने आरडाओरडा केला असता, मला पाळण्यातून ढकललं असतं, तरी चाललं असतं. तिने माझ्या गालावरचे हात काढून घेतले आणि खाटेवरचा पुडा उचलला. उघडलेला कागद एकेक घडी जुळवून परत बांधायला लागली.

‘‘मग हे तुमच्या आईचं असेल,’’ ती म्हणाली. ‘‘मी एकच तुकडा खाल्लाय.’’

राहू द्या, तुम्हालाच राहू द्या, असं काहीबाही मी पुटपुटलो. झोर्काने खिडकी लावली. चेदाला वाटलं भेट छान संपली, म्हणून त्याने मला थाटात खाली आणलं. लोकांनी मिठ्या मारल्या. एका बाईने माझा हात कपाळाला लावला. मी ल्युबिंकाच्या कानात सांगितलं. तिने डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

आता खऱ्या आईकडे जायला हवं होतं. मागची बाजू उताराची आणि तिथे आश्रमाचे कांद्याचे वाफे. चेदा म्हणाला, गाडी जाणार नाही. मी म्हणालो, जाईल. गाडी वाफ्याच्या मधोमध गेली आणि तिथेच रुतली. मागची चाकं गरगर फिरली आणि अर्धा चिखल माझ्या सुटावर आला. दरम्यान पुढे पोलीस पोहोचले होते. गर्दी पांगवत, मास्क वर करायला लावत, बँडवाल्यांना घरी पिटाळत. ते सगळे रोज खानावळीच्या मागच्या दाराशी एकत्र असत. त्यामुळे कुणीच कुणाच्या नजरेला नजर देत नव्हतं.

मी कांद्यात उभा राहून वर पाहिलं. खिडकी उघडीच होती आणि आई तिच्या चौकटीवर कोपरं टेकून कधीची बाहेर बघत होती.

‘‘विदोये? तू कधी आलास?’’ तिचा आवाज खणखणीत होता. ‘‘थोडा आधी यायचंस रे! पुढे काय मजा झाली म्हणून सांगू. स्तामेनाचा मुलगा आला म्हणे, लिंट्झहून. बँड लावून. माणसं बघ कुठून कुठून येतात.’’

आमचं घर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

ल्युबिंका माझ्याकडे बघत होती. मी बोलावं म्हणून तिने मला पुरेसा वेळ दिला. मी सुटावरचा चिखल झटकत राहिलो. शेवटी तिनेच मान वर करून सांगितलं, ‘‘आई, तो मिलादिन नव्हता. हाच होता. बँड तुमच्यासाठी होता.’’

मला वाटलं आई हसेल. मीही हसायच्या तयारीत उभा होतो.

‘‘पण मी तुला सांगितलं होतं,’’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट. ‘‘खोली बदलली म्हणून. आता अक्रोडाचं झाड दिसतं म्हणून. तू म्हणालास, छान.’’

मी कांद्याकडे बघत उभा राहिलो.

मग तिनेच सावरून घेतलं. म्हणाली, जाऊ दे, मी इथून सगळं ऐकलं, बसल्या बसल्या पायही हलवले. वाढदिवसाला काही आणलंय का, असं तिने विचारलं. मी रिकामे हात पुढे केले. केक स्तामेनाकडे राहिलाय म्हटल्यावर ती म्हणाली, बरं झालं, तिचं कुणी येत नाही. आणि मग, जणू काही झालंच नाही अशा सुरात, आज सुपात मीठ किती होतं ते सांगायला लागली. मी शेवटपर्यंत ऐकलं. फार होतं.

गाडी काढायला ट्रॅक्टर आणावा लागला. आश्रमाने कांद्यांबद्दल कडक शब्दांत सुनावलं. पण गोष्ट तिथे थांबली नाही. कुणीतरी पाळण्यातला तो सोहळा फोनवर टिपला होता. दोन तळवे काचेवर, खाली रडणारं गाव, मागे कर्णे. ते चित्रण गावभर, मग देशभर आणि दोन दिवसांत लिंट्झला पोहोचलं.

मिलादिनचा फोन आला तेव्हा मी दुकानात होतो. त्याने नाव सांगताच मी शिव्या खायच्या तयारीने दार लावून घेतलं. पण तो रागावला नव्हता. ती बारीक झाली आहे का, असं त्याने विचारलं. हात थरथरतात का. काय काय बोलली. मी सगळं सांगितलं, एकेक वाक्य, धाकटीच्या खोकल्यासकट. तो मधे मधे नाक ओढत होता. खोकला गेला, असं तिला सांगा, म्हणाला. मी कबूल केलं.

मग त्याने नाक शिंकरलं.

‘‘राग मानू नका,’’ तो म्हणाला, ‘‘पण एक विचारतो. तिला मी वर्षभर दिसलो नाही, तिचं वय झालंय, मास्क होता, तिची चूक होणं मी समजू शकतो. तुम्ही स्वतःच्या आईला कसे चुकलात?’’

मी खूप विचार केला. खरं उत्तर ओठांपर्यंत आलं होतं.

‘‘उंचीवर मला गरगरतं,’’ मी म्हणालो.

‘‘हो,’’ तो म्हणाला. ‘‘तसं होतं खरं.’’

भला माणूस. दुसरा मजला होता, हे त्याला माहीत नसेल असं कसं होईल?