टेम्पोच्या पाठीवरचा क्ष

मिरजगावच्या गहिनीनाथ पेंटरला मोटिव्हेशन झालं ते एका रविवारी, दाढी करून घेताना. सलूनमधल्या टीव्हीवर सुटाबुटातला एक माणूस सांगत होता, "तेच ते काम करणारा कलाकार आतून मरतो. रोज सकाळी स्वतःच्या मनातली एक ओळ लिहा." गहिनीनाथ गालावरचा साबण वाळेपर्यंत ऐकत राहिला. बावीस वर्षं तो हायवेवरच्या गाड्यांच्या मागे 'आई-वडिलांचा आशीर्वाद' लिहीत होता. झोपेतून उठवून हातात ब्रश दिला असता तरी त्याने तेच लिहिलं असतं.

"आपुन आतून मेलोय," त्यानं घरी येऊन बायकोला सांगितलं.

"जेवून घ्या आधी," जया म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून गहिनीनाथनं व्रत धरलं. अंगणात एक जुना पत्रा होता. रोज सकाळी त्यावर एक ओळ लिहायची आणि थिनरनं पुसून टाकायची. पहिल्या दिवशी त्यानं लिहिलं, 'आज काही सुचत नाही.' दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'आजही नाही.' माणूस प्रामाणिक होता, एवढं मात्र मान्य करावं लागेल.

त्याच आठवड्यात गावातला अमृत नवाकोरा टेम्पो घेऊन दारात आला आणि किल्ली गाडीलाच ठेवून खाली उतरला. चेहरा मात्र नव्या टेम्पोवाल्याचा नव्हता.

"गहिनीकाका, वाचवा. ह्यो टेम्पो निम्मा आमच्या वडलांच्या, नानांच्या म्हशींच्या पैशाचा हाय आन निम्मा सासऱ्यांच्या लिंबांचा. नाना म्हनत्यात, मागं आई-वडिलांचा आशीर्वाद पायजे, न्हाईतर नारळ फोडनार न्हाई. मच्छिंद्रआबा म्हनत्यात, सासऱ्यांची कृपा पायजे, न्हाईतर पूजेला थांबनार न्हाई. आमची रेश्मा म्हनती, आबा गेलं की मीबी गेले."

"मंग दोनी लिवू की."

"वर कुनाचं आन खाली कुनाचं?"

गहिनीनाथचं घोडं तिथंच अडलं.

"तुमच्या मनानं काय बी लिवा, पर दोघं गप बसतील असं लिवा," अमृत म्हणाला. "उद्या दहाला मारुतीपुढं पूजा हाय. सकाळी येऊन नेतो."

बावीस वर्षांत 'तुमच्या मनानं लिवा' असं गहिनीनाथला कुणीही म्हटलं नव्हतं. त्याला रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी डोकं मोकळं करायला आधी रोजची ओळ लिहावी म्हणून तो अंगणात आला, तर पत्रा गायब. जयानं तो कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला होता आणि वर दोन दगड ठेवले होते. समोर टेम्पोचा मागचा फाळका होता, स्वच्छ, निळा. लिहायचं आणि लगेच पुसायचं, त्यात काय जातंय, असा विचार गहिनीनाथनं केला. मनात आलं ते त्यानं लिहून टाकलं: 'कालच्यापेक्षा आज बरं.'

ओळ वाईट नव्हती. पण त्यातला क्ष! त्याच्या आशीर्वादात क्ष नव्हता, त्यामुळे हाताला त्याची ओळखच राहिली नव्हती. तो क्ष कंबरेत लचकलेल्या माणसासारखा एका बाजूला कलला होता. गहिनीनाथला स्वतःची लाज वाटली. त्यानं थिनरची बाटली उचलली, तर ती रिकामी. रोज ओळी पुसून पुसून थिनर संपलं होतं.

तो सायकल काढून हार्डवेअरच्या दुकानात गेला. दुकानदार कर्जतला गेला होता. मग हायवेवरच्या दुसऱ्या दुकानात गेला. तिथं थिनर मिळालं, पण परत येऊन बघतो तर अंगणात फक्त चाकांच्या खुणा.

"अमृत घेऊन गेला," जया म्हणाली. "भटजींचा फोन आल्ता, मुहूर्त आलीकडं घेतलाय. मी म्हनले, लिवून झालंय."

"काय लिवलंय ते वाचलं का त्यानं?"

"न्हाई. त्यो म्हनला, बघून धीर सुटंल. डोळे मिटूनच चादर बांधली त्यानं मागं."

गहिनीनाथच्या तोंडचं पाणी पळालं. एक तर पोराचा संसार मोडणार, आणि वर त्या क्षची गावभर शोभा होणार. खरं सांगायचं तर त्याला दुसऱ्या गोष्टीचीच धास्ती जास्त होती. तो थिनर आणि फडकं घेऊन देवळाकडे सुटला.

तो पोचला तेव्हा चादर नुकतीच खाली आली होती. नाना एका अंगाला, मच्छिंद्रआबा दुसऱ्या अंगाला, आणि मधे नारळ धरून अमृत. चारचौघं जमलेले. रेश्मानं माहेरची पिशवी भरून आणली होती, ती तिच्या हातातच होती.

नानांनी ओळ दोनदा वाचली. "ह्यात माझा आशीर्वाद कुठाय?"

"न्हाई, नाना," अमृत पुटपुटला.

"आन ह्यांची कृपा?"

"तीबी न्हाई."

नानांनी आबांकडे पाहिलं. आबांनी नानांकडे पाहिलं.

"ह्यांची न्हाई ना, मंग ठीक हाय," नाना म्हणाले.

"माझंबी तेच म्हननं हाय," आबा म्हणाले आणि हातातली टोपी डोक्यावर घालून बसले.

गहिनीनाथ धापा टाकत फडकं भिजवू लागला. "दोन मिंटं थांबा, पुसतो. चुकून लिवलंय ते."

नानांनी त्याचा हात धरला. "खबरदार पुसशील तर. पुसलं की परत कुनाचं तरी नाव येईल."

नारळ फुटला. अमृतचा जीव भांड्यात पडला आणि रेश्मानं पिशवी टेम्पोत ठेवली. दोन्ही म्हातारे पुढच्या सीटवर शेजारी शेजारी बसून गावाला एक फेरी मारून आले. उतरताना ते लिंबाच्या भावावर बोलत होते.

पुढं जे झालं त्याला गहिनीनाथचा इलाज नव्हता. तालुक्यात प्रत्येक गाडीमागे एक बाप आणि एक सासरा असतोच. दुधाची गाडी आली, मग पिकअप आली, मग उसाचा ट्रॅक्टर आला. गहिनीनाथ प्रत्येकाला म्हणायचा, "तुमच्यासाठी नवं सुचवतो की." प्रत्येकजण म्हणायचा, "नगं. अमृतच्या टेम्पोवर हाय तेच." दिवाळीपर्यंत त्यानं ती ओळ एकवीस वेळा लिहिली.

"झालं, आला का फिरून परत तिथंच?" जया हसून म्हणाली.

पण सकाळचा पत्रा त्यानं खुराड्यावरून परत आणला होता आणि त्यावर आता रोज नुसता क्ष काढत होता.

बाविसावं गिऱ्हाईक एक टेम्पोवालाच होतं. काम झाल्यावर त्यानं मागे जाऊन पाहिलं आणि नाराज झाला.

"पेंटर, ह्यो क्ष सरळ झालाय. अमृतचा वाकडा हाय. त्यो लकी हाय म्हनत्यात. मला तसाच पायजे."

गहिनीनाथनं तो क्ष पुसला आणि ब्रश घेतला. पहिला काढला, सरळ आला. पुसला. दुसरा काढला, तोही सरळ. मान कलती करून, डावा डोळा मिटून तिसरा काढला. तो तर सगळ्यात देखणा आला.

त्यानं ब्रश थिनरमध्ये बुडवला, हात पुसले आणि कितीतरी दिवसांनी मोठा श्वास सोडला.

"दुसरीकडं बघा, भाऊ," तो म्हणाला. "वाकडा आता मला येत न्हाई."